वाढीव वॉरंटी : कंपनीची कबुली आणि मिस्त्रींचे बिल

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील या कारखान्यातून २०१५ साली अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची, आकाराने लहान पण धावण्यात भलतीच चपळ गाडी बाहेर पडली. २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. पुणे-नगर रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने या गाड्या ट्रेलरवर चढवून नेताना पाहिलेल्या आहेत. त्याच रस्त्याच्या कडेला आणि तिकडे न्हावरा-चौफुल्यामार्गे दौंडपर्यंत आमच्या बांधवांची गॅरेजे, टायरची दुकाने, बॅटरीवाले, वेल्डिंगवाले आणि सीटकव्हर शिवणारे कारागीर बसलेले आहेत.

पण खरी स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी यांपैकी कोणाच्या दारात क्वचितच उभी राहत असेल. मग या पानावर तिचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, कारखान्यातून दोष घेऊन आलेला माल, कंपनीने पुढे वाढवून दिलेली वॉरंटी आणि ती पदरात पाडून घेण्यासाठी मालकाला करावी लागलेली धडपड, हा सारा व्यवहार या महाग गाड्यांत जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. तेथे एका इंजिनाची किंमत आपल्या दोन टेम्पोंइतकी असते. त्यामुळे मालकही एकेक कागद जपतो आणि कंपनीही एकेक अक्षर तपासून पाहते. त्यांच्याकडून शिकलेली गोष्ट आपल्या पिकअपला, कॉम्प्रेसरला आणि बेकरीच्या मिक्सरलाही लागू पडते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘वाढीव वॉरंटी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली गाडी घेताना शोरूममध्ये गळ्यात मारली जाते ती. वर काही हजार रुपये भरा आणि मूळ मुदतीनंतर आणखी एक-दोन वर्षे घ्या. हा विकत घेतलेला करार असतो आणि पुष्कळदा त्याच्या मागे गाडीची कंपनी नसून विमा कंपनी किंवा तिसरीच एखादी संस्था असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कागदाच्या तळाशी कोणाचे नाव आहे ते वाचावे. दुसरी वाढीव वॉरंटी विकत मिळत नाही. विकलेल्या मालात एक ठराविक दोष वारंवार निघतो आहे असे कंपनीच्या ध्यानात येते, तेव्हा ती स्वतः होऊन त्या दोषापुरती मुदत लांबवते. आज आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः या दुसरीविषयी.

ही मेहेरबानी नसते. कंपनीचे वकील पत्रात ‘ग्राहकांच्या समाधानासाठी’ असे लिहितात, परंतु अर्थ एवढाच की या पार्टात खोट आहे हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही ही कबुली फार आखडती असते. एक पार्ट, एक कारण, ठराविक गाड्या आणि ठराविक मुदत यांच्या बाहेर कंपनी बोटभरही सरकत नाही.

एकाच गाडीला दोन दोष

जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ९११ जीटी३ ही गाडी याचे उत्तम उदाहरण आहे. इंजिन ३.८ लिटरचे, ताकद ४७५ अश्वशक्ती आणि मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारे. २०१४ साली स्वित्झर्लंड आणि इटलीत यांपैकी दोन नव्या गाड्यांनी पेट घेतला. कंपनीने त्या मॉडेलच्या ७८५ गाड्यांच्या मालकांना गाडी अजिबात चालवू नका असे कळवले. तपासात कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत असल्याचे निघाले. रॉड सुटून क्रँककेस फोडतो, ऑईल बाहेर येते आणि पेट घेते. कंपनीने सर्वच्या सर्व गाड्यांची इंजिने बदलून दिली. येथे वॉरंटी शिल्लक आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. जिवाला धोका असेल तेव्हा माल परत बोलवायचा असतो आणि त्याला ‘रिकॉल’ म्हणतात.

त्याच पिढीच्या गाडीत पुढे दुसरे दुखणे निघाले. व्हॉल्व्ह उघडणारा, रॉकरच्या जातीचा, बोटाएवढा एक छोटा पार्ट असतो. तो आणि त्यावर घासणारा कॅमशाफ्ट लवकर झिजू लागले. इंजिन एखादा सिलिंडर सोडू लागले, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात ते. यात आग नव्हती की अपघात नव्हता, पण खर्च डोळे पांढरे करणारा होता. मालकांनी आपापसांत नोंदी जुळवल्या, किती किलोमीटरवर काय झाले ते मांडले, कंपनीशी पत्रव्यवहार केला. अखेर २०१७ मध्ये अमेरिकेतील या मॉडेलच्या इंजिनाची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवण्यात आली. मूळ मुदत ४ वर्षे किंवा ५० हजार मैलांची होती.

गाडी एक आणि दोष दोन, पण औषधे वेगवेगळी. पहिल्यात रिकॉल झाला, दुसऱ्यात वाढीव वॉरंटी. हा फरक आपल्याकडेही कामाचा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील गाडीत असा दोष निघाला की ज्याने चालकाला, प्रवाशाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला हानी पोहोचेल, तर सरकार कंपनीला ती गाडी परत बोलवायला लावू शकते आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. रिकॉलचे काम फुकट होते. गाडी कितव्या हाताची आहे हे त्यात पाहिले जात नाही. म्हणून जुनी पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाने कंपनीच्या वर्कशॉपात चेसिस नंबर देऊन ‘हिच्यावर काही रिकॉल बाकी आहे का’ एवढे विचारावे. बहुतेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावरही हे पाहू देतात. पण झीज, आवाज, ऑईल खाणे, गिअर अडकणे असली दुखणी रिकॉलमध्ये बसत नाहीत. तेथे वॉरंटीच्या कागदाशीच गाठ असते.

जपानच्या माझदा कंपनीची आरएक्स-८ ही दुसरी गाडी थोडक्यात सांगतो. तिचे इंजिन पिस्टनचे नव्हे, तर तिकोनी रोटर फिरणारे होते. इंजिनातील दाब लवकर उतरण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकेत २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैल करण्यात आली. गाभ्याची म्हणजे फक्त गाभ्याचीच. क्लच, कॉईल, प्लग यांत आले नाहीत. शिवाय मालकाने ‘गाडीत दम राहिला नाही’ असे सांगून भागत नसे. रोटरी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजण्याचे यंत्र निराळे असते. त्यावर मोजणी करून आकडा मर्यादेखाली आला, तरच नवे इंजिन. ज्यांनी मुदतीच्या आत मोजणी करून घेतली त्यांना मिळाले. ‘अजून चालते आहे, पुढे बघू’ म्हणणाऱ्यांची मुदत निघून गेली. घड्याळ पत्राच्या तारखेपासून चालत नसते. ते गाडीच्या पहिल्या विक्रीपासून चालू झालेले असते. तिसऱ्या हाताने गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट फार लक्षात ठेवावी.

जुनी गाडी घेणारे आणखी एक चूक करतात. वॉरंटी पहिल्या मालकाची होती, आपला काय संबंध, असे समजून ते गप्प बसतात. कारखान्याच्या दोषासाठी दिलेली वाढ बहुधा गाडीला असते, मालकाला नव्हे. ती चेसिस नंबरामागे चालते. मात्र पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर, आणि तेथे नाव पहिल्या मालकाचेच असते. आरटीओत आरसी आपल्या नावावर झाली म्हणून कंपनीच्या दप्तरात आपले नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो आणि तो कोणी करत नाही.

दौंडचा एक अनुभव

आमच्या परिचयाचे एक कापडाचे व्यापारी दौंडला आहेत. त्यांनी पुण्यातून दुसऱ्या हाताची मोटार घेतली. स्पोर्ट्स कार नव्हे, पण आपोआप गिअर बदलणारी, बऱ्यापैकी महाग गाडी होती. वर्षभरात गिअर अडखळू लागले. व्यापाराच्या दिवसांत गाडी अडकून पडू नये म्हणून त्यांनी ती शिरूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी पुण्याहून पार्ट मागवला, दोन दिवस खपून तो बसवला आणि गाडी चालती करून दिली. एकूण खर्च साठ हजारांच्या घरात गेला. पावती म्हणून मिळाली एक चिठ्ठी. तिच्यावर ‘गिअर काम’ एवढे दोन शब्द, खाली रक्कम, आणि तारीख अर्धी पुसलेली.

सात-आठ महिन्यांनी त्यांना कळले की, कंपनीने नेमक्या त्याच पार्टाची वॉरंटी त्या मॉडेलसाठी आधीच वाढवून दिलेली होती आणि ज्यांनी पदरचा खर्च केला असेल त्यांना तो परत मिळणार होता. पत्र अर्थातच पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेले होते. आम्ही त्यांच्याबरोबर कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. तेथील साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “यावर गाडीचा नंबर कुठे आहे? कोणता पार्ट बदलला? किती किलोमीटरला? जुना पार्ट कुठे आहे?” एकाही प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

परतताना कोणीतरी सुचवले की यात अवघड ते काय, मिस्त्रींकडून मागची तारीख टाकून व्यवस्थित बिल करून घ्या. व्यापारी शिरूरला गेले आणि चाचरत म्हणाले, “चाचा, तेवढं एक बिल जुन्या तारखेचं करून द्या, माझे साठ हजार वाचतील.” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “बेटा, बिल आज मागतोस तर आजच्या तारखेचं देतो. काम कधी केलं तेही त्यात लिहितो. पण कागदावर मागची तारीख टाकणार नाही. उद्या त्यांनी मला बोलावलं तर मी काय सांगू?”

त्यांनी जे केले ते त्याहून उपयोगाचे ठरले. पार्ट कुरिअरने आला होता. त्याचा खोका दुकानाच्या माळ्यावर नट-बोल्ट भरून ठेवलेला होता आणि त्यावर पार्ट नंबराचे लेबल शाबूत होते. पुण्याच्या स्पेअर पार्टवाल्याकडे त्या दिवसाचे पक्के जीएसटी बिल होते, मिस्त्रींच्या नावावर. व्यापाऱ्यांच्या मोबाईलमध्ये पैसे पाठवल्याचा त्याच आठवड्याचा संदेश होता. मिस्त्रींनी आजच्या तारखेचे एक पत्र दिले : अमुक नंबराची गाडी अमुक महिन्यात आमच्याकडे आली, अमुक तक्रार होती, अमुक पार्ट बदलला, जुना पार्ट भंगारात गेला. हे सारे एकत्र जोडून नवा अर्ज केला. दोन स्मरणपत्रे गेली. शेवटी कंपनीने पार्टाची किंमत परत केली. मजुरी दिली नाही, कारण मजुरीचा पुरावा चिठ्ठीपलीकडे नव्हता. साठातले चाळीस-एक हजार हाती आले. खोटे बिल जोडले असते तर पार्टवाल्याच्या बिलाशी ते जुळले नसते, आणि अर्जाबरोबर चाचांचे नावही बदनाम झाले असते.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

आम्ही हा प्रसंग इतका लांबवला तो गॅरेजवाल्यांसाठी. गाडी नवी असेपर्यंत गिऱ्हाईक आपल्या दारात येत नाही, कारण शोरूममध्ये त्याला बजावलेले असते की बाहेर हात लावू दिलात तर वॉरंटी गेली. हे वाक्य जसेच्या तसे खरे मानण्याचे कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या आदेशात असेही सांगितले की, बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरुद्ध वर गेल्या. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये काही कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून हा आदेश फडकावला की काउंटरवरचा मनुष्य मान तुकवील, असे समजू नये. पण लेखी तक्रारीत त्याचा उल्लेख करावा आणि ‘आमच्या कोणत्या कामामुळे हा दोष उत्पन्न झाला ते लेखी कळवा’ अशी मागणी करावी. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टलही सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेतीची यंत्रे, मोबाईल आणि घरगुती उपकरणे आहेत. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दौंडकडच्या मिस्त्रींनी त्याची माहिती ठेवावी.

हे सर्व चालते ते बिलाच्या जोरावर. अमेरिकेत जीटी३ किंवा आरएक्स-८ चा मालक दावा घेऊन जातो तेव्हा त्याच्याकडे ऑईल कधी बदलले, कोणत्या ग्रेडचे, किती मैलांवर, याची बिले मागितली जातात. आपल्याकडेही तोच प्रकार आहे. तेव्हा ‘सर्व्हिस - २२००’ अशी चिठ्ठी फाडणे आता बंद झाले पाहिजे. गाडीचा नंबर, चेसिस नंबराचे शेवटचे अंक, किलोमीटर, गिऱ्हाइकाने सांगितलेली तक्रार, ऑईलचा ग्रेड आणि मेक, बदललेल्या पार्टाचा नंबर, तारीख, सही. पाच मिनिटांचे काम आहे. कार्बन कॉपी आपल्याकडे राहू द्यावी. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला पिशवीत घालून द्यावा आणि तसे बिलावर लिहावे. ज्या गॅरेजचे बिल कंपनीच्या टेबलावर टिकते, तेथे गिऱ्हाईक वॉरंटीच्या मुदतीतही येते.

आणखी एक. पोर्शेच्या गाडीत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा पळवले याची नोंद गाडीचा संगणक ठेवतो आणि वॉरंटीचे काम करण्यापूर्वी कंपनी ती काढून पाहते. मालक काहीही सांगो, गाडी स्वतःच साक्ष देते. आजच्या आपल्या पिकअप आणि रिक्षांतही संगणक आहे, तो दोषाचे कोड साठवतो. आपल्या मिस्त्रींकडे आता स्कॅनर आले आहेत आणि दिवा लागला की कोड पुसून टाकण्याची सवयही आली आहे. वॉरंटीतील गाडीचा कोड पुसू नये. आधी फोटो काढावा, तारीख दिसू द्यावी, मग गाडी कंपनीच्या वर्कशॉपात पाठवावी. पुसलेला कोड म्हणजे फाडलेला पुरावा.

कंपनी ऐकेना तर

वर्कशॉपात तोंडी भांडण करून काही साधत नाही. प्रत्येक भेटीला जॉबकार्ड करून घ्यावे आणि त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहू देऊ नये. हाच दोष तीनदा-चारदा दाखवला, हे पुढे जॉबकार्डांवरूनच सिद्ध होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. तेथे पुष्कळशा कंपन्या उत्तर देतात. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. म्हणजे कंपनीचे मुख्य कार्यालय चेन्नईला असले तरी शिरूर-दौंडच्या माणसाला पुण्यापलीकडे जावे लागत नाही. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ऑनलाईन अर्जाचीही सोय आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. या मुदतीकडे फार लक्ष द्यावे, कारण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत कंपनीच हे दिवस खाते.

आता व्यापाऱ्यांना नेहमी आडवा येणारा प्रश्न : ‘धंद्यासाठी घेतलेली वस्तू, मग तुम्ही ग्राहक कसे?’ १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात याचा निवाडा केला. महाराष्ट्रातील या लघुउद्योजकाने कोइमतूरहून मागवलेली यंत्रे सदोष निघाली होती. तो हरला, कारण खरेदी मोठ्या धंद्यासाठी ठरली. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच आहे. स्वतः चालवण्यासाठी लेथ घेणारा कारागीरही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे असली तरी हरकत नाही. आजच्या कायद्यातही स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला हे संरक्षण आहे. तेव्हा तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मी ही वस्तू स्वतः चालवतो आणि माझी उपजीविका तिच्यावर आहे’ असे लिहावे. ज्यांच्या दहा गाड्या ड्रायव्हरांच्या हाती धावतात, त्यांनी या वाटेवर फारशी भिस्त ठेवू नये. त्यांना दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे.

मागणी किती करावी यालाही माप आहे. गिअर बिघडला की ‘गाडीच बदलून द्या’ असा हट्ट आपले लोक धरतात. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल तर कंपनीला पूर्ण गाडी बदलायला लावता येत नाही. म्हणजे वचन जेवढे, तेवढेच. मात्र इंजिनातच मुळातला दोष असेल तर गोष्ट वेगळी. २०१० मध्ये फियाट इंडियाविरुद्धच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मार्ग असा काढला की, स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी आणि कारखान्याचाच दोष निघाला तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळावी. आणि २०२४ च्या जुलैत मर्सिडीजच्या एका प्रकरणात, गाडीचा मधला भाग अती तापतो या तक्रारीवरून ३६ लाख रुपये परत देण्याचा आदेश झाला. ती गाडी एका कंपनीच्या नावावर होती, पण संचालकाच्या वापरासाठी होती, आणि त्यामुळे ‘धंद्याची खरेदी’ हा आक्षेप टिकला नाही. अशा प्रकरणांत भिस्त तज्ज्ञाच्या अहवालावर आणि वर्कशॉपच्या नोंदींवर असते.

वचन कोणी दिले, हेही पाहावे. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ च्या टाटा गाडीचे पैसे भरले आणि डीलरने त्याच्या माथी २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी मारली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले गेले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले, कारण डीलरच्या लबाडीची तिला माहिती असल्याचा पुरावा नव्हता. याचा अर्थ उघड आहे. सेल्समनने काउंटरवर ‘पाच वर्षं काही झालं तरी आम्ही बसलोय’ म्हटले, तर ते कंपनीचे वचन होत नाही. त्याच्याकडून ते कंपनीच्या छापील कागदावर, शिक्क्यासह घ्यावे. तक्रार करताना मात्र डीलर आणि कंपनी दोघांनाही सामील करावे, मग कोणी कोणावर ढकलायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे.

कंपनीच देश सोडून गेली तर काय, ही भीतीही खोटी नाही. आपल्या जिल्ह्यात तळेगावला शेवरलेट गाड्या बनत. जनरल मोटर्सने भारतातील विक्री २०१७ अखेर थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखानाही बंद केला. फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. फियाट नावाच्या गाड्याही येथे बंद झाल्या, जरी रांजणगावचा कारखाना चालूच राहिला. नाव बाजारातून गेले म्हणून दिलेली वॉरंटी मरत नाही, पण वर्कशॉप कमी होतात, पार्ट महिनोन् महिने येत नाहीत आणि तोवर दोन वर्षांची मुदत सरते. अशी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा.

शेवटी जे जुन्या गाड्यांचा व्यापार करतात त्यांच्याविषयी. मालातला ऐब लपवून विकू नये आणि ऐब निघाल्यास माल ठेवण्याचा वा परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, हे आपल्या व्यापारी बांधवांना कोणी नव्याने शिकवायला नको. गाडीला वाढीव वॉरंटी आहे हे माहीत असूनही सांगायचे नाही, किंवा ती ज्या दोषासाठी आहे तो दोष सांगायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यातच येतात. विक्रीच्या वेळी सर्व्हिसची बिले, जॉबकार्डे आणि कंपनीची पत्रे एका पाकिटात घालून आरसीबरोबर द्यावीत, आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता कंपनीच्या दप्तरी चढवण्याचा अर्ज तेथेच बसून भरून घ्यावा. दौंडच्या त्या कापड व्यापाऱ्यांनी यंदा आपली गाडी विकली, तेव्हा पाकिटात मिस्त्री चाचांचे ते पत्रही घातले.